मधल्या सुट्टीतला बंदोबस्त

"पेपर हॉलमध्ये बिघडत नाही हो! पेपर बिघडतो गेटच्या बाहेर, मधल्या सुट्टीत!"

हा सिद्धांत फोटोवाल्यांनी दुकानात आलेल्या एकूण एक गिऱ्हाइकाला ऐकवला होता. गिऱ्हाईक बिचारं स्टुलावर मान ताठ करून बसलेलं! हलायची चोरी, आणि बोललं की ओठ हलतात म्हणून बोलायचीही चोरी! त्यामुळे फोटोवाल्यांच्या सिद्धांताला आजवर कोणी विरोध केलेला नव्हता. त्यात दिवस परीक्षेच्या फॉर्मचे. समोर बसणारी निम्मी मुलं प्रवेशपरीक्षेचीच. त्या केंद्रावर बसणाऱ्या बहुतेकांच्या हॉलतिकिटावरचा फोटो फोटोवाल्यांनीच काढलेला होता आणि बहुतेकांना हा सिद्धांत फोटोबरोबर फुकट मिळाला होता.

"सकाळचा पेपर देऊन मुलं बाहेर येतात. उत्तरं जुळवतात. दोन चुकलेली सापडतात. की बसले रडत! मग दुपारचा पेपर काय डोंबल लिहिणार? सुटलेला बाण आणि दिलेला पेपर परत येतो का? हनुवटी खाली घे जरा. हां. हसू नकोस, हसण्यासारखं काही नाही यात!"

सिद्धांत काही हवेतून पडलेला नव्हता. गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक याच परीक्षेला बसली होती. तिचं खरं नाव हॉलतिकिटापुरतं, घरीदारी ती बबडीच. सकाळचा पेपर झकास देऊन ती बाहेर आली, मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली, ‘तुझं काय आलं, माझं काय आलं’ सुरू झालं आणि आपली दोन उत्तरं चुकली असं कळल्यावर तिने जो गळा काढला, तो दुपारची घंटा झाली तरी थांबेना. दुपारचा पेपर डोळ्यांतल्या पाण्यात वाहून गेला.

आता तुम्ही म्हणाल, एक परीक्षा गेली तर एवढं काय! तर ऐका. बबडीला पूल बांधायचे होते. फसलेल्या फोटोंच्या पाठीवर ती लहानपणापासून पूल काढायची. कमानीचे, झुलते, मधोमध उघडणारे. पूल बांधायला शिकवणारं कॉलेज एकच, त्यात जागा मोजक्या, आणि ही परीक्षा आयुष्यात दोनदाच देता येते. यंदाची खेप दुसरी म्हणजेच शेवटची. यंदा हुकलं तर बापाच्या दुकानात उभं राहून लोकांना ‘हनुवटी खाली’ सांगायचं, एवढंच बबडीच्या हातात उरणार होतं. ती हे कधी बोलून दाखवत नसे. पण गेल्या वर्षी निकालानंतर ती कितीतरी दिवस जेवताना गप्प असायची. फोटोवाल्यांना त्या गप्प बसण्याची अजून धास्ती होती.

"यंदा मी स्वतः बंदोबस्ताला!" त्यांनी घरी जाहीर केलं. "मधल्या सुट्टीत बबडीशी कोणीही बोलणार नाही!"

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मी काय कोणी परका आहे? मी बाप आहे!"

"म्हणून तर विचारलं," बायको म्हणाली.

फोटोवाल्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि ते तडक समोरच्या बेकरीत गेले. बेकरीवाला त्यांचा लंगोटीयार. त्याच्याकडे पाव पोहोचवायची एक बंद गाडी होती. मागच्या बाजूला दार, खिडकी एकही नाही!

"दिवसभरासाठी गाडी दे."

"कशाला?"

"मुलगी ठेवायचीय आत."

बेकरीवाल्याच्या हातातला पाव खाली पडला. मग त्याला सिद्धांत सांगावा लागला. तो स्टुलावर बसलेला नसल्यामुळे त्याने मध्येच विचारलं, "अरे, पण मुलगी म्हणजे काय लोणी आहे का, बाहेर ठेवली की वितळायला?" पण मैत्रीखातर त्याने गाडी दिली. वर एक रिकामा क्रेटही दिला, बसायला.

परीक्षेच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. सकाळचा पेपर सुटला तेव्हा फोटोवाले गेटला नाक लावून उभे होते. बबडी बाहेर आली. चेहरा असा उजळलेला की फोटोवाल्यांचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला! पण ही वेळ फोटोची नव्हती. त्यांनी खांद्यावरची चादर झटकन तिच्या डोक्यावरून टाकली, दंडाला धरलं आणि पोलीस आरोपीला नेतात तसं तिला गर्दीतून गाडीकडे नेलं.

"बाबा, लोक बघताहेत!"

"बघू देत. बोलू देणार नाही!"

गाडीत पिठाचा आणि ताज्या पावाचा वास भरून राहिला होता. डबा होता, पाणी होतं, बॅटरी होती. बबडी क्रेटवर बसली. तिच्या पोटात मात्र आनंद मावत नव्हता.

"बाबा, टाकीचा प्रश्न काय भन्नाट होता! सगळं गणित करत जायचं, आणि शेवटी कळतं की टाकी भरतच—"

"चूप! एक अक्षर नाही!"

"—नाही!" बबडीने वाक्य पुरं केलं आणि डबा उघडला.

फोटोवाल्यांनी वाऱ्यापुरती फट ठेवून दार लोटलं आणि ते बाहेर पहाऱ्याला उभे राहिले. बंदोबस्त चोख होता. मुंगीला शिरायला वाव नव्हता. पण एक उत्तर आतून बाहेर आलं होतं आणि थेट फोटोवाल्यांच्या कानात जाऊन बसलं होतं. टाकी भरत नाही!

एवढ्यात समोरून एक लांबलचक पोरगा धावत आला. बबडीच्या क्लासमधला हुशार मुलगा. गणित असं तोंडी करायचा की सगळे त्याला कॅल्क्युलेटरच म्हणत. त्याचाही फोटो फोटोवाल्यांनीच काढला होता. त्याच्या उंचीमुळे कॅमेऱ्याचा स्टँड वर करावा लागला होता.

"काका! बबडी कुठंय? मला तिला एक विचारायचंय!"

शत्रू दारात! फोटोवाल्यांनी पाठ गाडीच्या दाराला लावली. "ती नाहीये. घरी गेली."

"घरी? दुसरा पेपर आहे ना अजून!"

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावाच लागतो. "पोट बिघडलंय तिचं. कळा येताहेत."

"बाप रे!" कॅल्क्युलेटरचा चेहरा पडला. "फार दुखतंय का?"

"फार म्हणजे... बघवत नाही!"

पोरगा बिचारा खाली मान घालून सायकलस्टँडकडे निघून गेला. आत बबडी मजेत अंडं सोलत होती. बापाच्या पाठीने दाराची फट बुजली होती, त्यामुळे जाड पत्र्यातून तिला काही ऐकू गेलं नाही. फोटोवाले स्वतःवरच खूश झाले. काय तो बंदोबस्त!

पण ती टाकी! कानात गेलेली माशी आणि डोक्यात गेलेला प्रश्न, दोन्ही सारखेच. फोटोवाले विचार करू लागले. भरतच नाही? अशी कशी टाकी? भरायचीच नसेल तर परीक्षेत घालतील कशाला? त्यांच्या घरची टाकी गळकी होती, पण उशिरा का होईना, तीसुद्धा भरायची! हिने घाईत काही भलतंच तर लिहिलं नाही? नाही, जुळवायचं नाही. सिद्धांत म्हणजे सिद्धांत. पण बबडीने जुळवायचं नाही, असा तो सिद्धांत होता. बापाने एकच, अगदी एकच उत्तर लांबून ऐकलं तर सिद्धांताला कुठे धक्का लागतो?

पहारेकरी पहारा सोडून सायकलस्टँडपाशी गेला.

तिथे मुलांची सभा भरली होती. प्रश्नपत्रिका हॉलमध्येच जमा करून घेत, त्यामुळे सगळा कारभार आठवणीवर. आणि उत्तर ठरवायची त्यांची पद्धत म्हणजे मतदान! एकाने कठड्यावर उभं राहून उत्तरं पुकारायची, बाकीच्यांनी हात वर करायचे, ज्याला जास्त हात ते उत्तर बरोबर! गणिताला बहुमत चालत नाही, हे तिथे कोणाला सांगून पटलं नसतं. कठड्यावर सध्या कॅल्क्युलेटर होता, पण त्याचा आवाज जरा ढिला वाटत होता.

"टाकी! बारा तास म्हणणारे?"

हातांचं जंगल उभं राहिलं! कॅल्क्युलेटरने स्वतःचाही हात वर केला, जरा थांबून का होईना.

"आठ तास?" दोन हात वर आले आणि सगळ्यांनी पाहिल्यावर खाली गेले.

"टाकी भरणारच नाही?"

एकच हशा पिकला! "अरे, तो पर्याय नुसता भरतीचा असतो रे!" कोणीतरी ओरडलं. "चार पर्याय पुरे करायला घालतात!"

हशा चालू असताना फोटोवाल्यांच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात अर्धा वर गेला आहे. लेकीच्या बाजूने! त्यांनी तो घाईघाईने डोक्याकडे वळवला आणि नसलेले केस खाजवले.

"हसू नका," एक मुलगी म्हणाली. "त्या टाकीवर पाच प्रश्न होते. टाकी चुकली की पाचही गेले. आणि चुकल्याचे गुण कापतात ते वेगळेच!"

फोटोवाल्यांनी बोटांवर मोजलं. पाच गेले! वर गुण कापणार! म्हणजे जागा गेली. म्हणजे पूल गेले. म्हणजे जेवणाच्या वेळचं ते गप्प बसणं परत येणार, आणि या वेळी कायमचं.

नेमक्या त्याच वेळी मास्तरीणबाई त्यांच्याजवळ आल्या. या बबडीला शाळेत गणित शिकवायच्या आणि आज स्वतःच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. बबडीच्या आईशी त्यांची जुनी ओळख. कॅल्क्युलेटरकडून त्यांना बबडीच्या पोटाचं कळलं होतं.

"अहो, मी आत्ता ऐकलं. फार दुखतंय का हो तिला?"

"हं," फोटोवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे टाकी होती.

"दवाखान्यात नेलं?"

"हं."

"सलाईन लावलं का?"

"हं." पाच प्रश्न! पाच!

"ऑपरेशन तर नाही ना सांगितलं?"

"हं..." फोटोवाल्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. त्या बाजूला गेल्या आणि त्यांनी पर्समधून फोन काढला. फोटोवाल्यांनी ते पाहिलं नाही. ते गाडीकडे चालू लागले होते.

गाडीच्या आरशासमोर ते थांबले. ह्या अवस्थेत पोरीसमोर जाणं बरं नव्हे. आयुष्यभर ज्याने लोकांना ‘चेहऱ्यावर काही आणू नका’ सांगितलं, त्याला स्वतःचा चेहरा आवरता येऊ नये? त्यांनी भुवया सरळ केल्या. ओठ मिटले. हनुवटी खाली घेतली. चेहरा अगदी हॉलतिकिटावर लावण्यासारखा कोरा झाला! मग त्यांनी दार उघडलं आणि तोंडही उघडलं, इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"जेवलीस का गं बाळ?"

बबडीचा घास तोंडातच राहिला. बाळ? बापाने तिला ‘बाळ’ म्हटलं होतं ते ती लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा. त्यानंतर बबडे, बबड्या, गधडे, सगळं काही झालं. बाळ कधीच नाही.

"बाबा, काय झालं?"

"कुठे काय? सावकाश खा. घाई नको. परीक्षा काय गं, येतात नि जातात."

"ही दोनदाच येते, बाबा."

"तब्येत महत्त्वाची. माणूस धडधाकट असला की सगळं होतं. आणि काही नाही झालं तरी... आपलं दुकान आहेच की!"

झालं! बाप रागावला तर पोरांना भीती वाटते हे खरं. पण बाप एकाएकी मायाळू झाला ना, की पोरांचा जीवच जातो! बबडीने अंडं डब्यात परत ठेवलं.

"तुम्ही टाकीचं कोणाला विचारलंत?"

"कुठली टाकी?" फोटोवाले इतक्या पटकन म्हणाले की एखाद्या चोरालाही लाज वाटली असती. "मी कोणाला काही विचारलं नाही! आणि बारा तास आलं काय नि न आलं काय, आपल्याला काय करायचंय?"

फोटोवाल्यांना आपली जीभ चावून टाकावीशी वाटली, पण आता तिचा उपयोगही नव्हता.

"बारा?" बबडी हळू म्हणाली. "सगळ्यांचं बारा?"

फोटोवाले पावाच्या क्रेटकडे बघत राहिले.

"कॅल्क्युलेटरचं पण?"

"त्याने हात जरा उशिराच वर केला, पण—"

"बाबा, बारा येतं, मलाही आधी बाराच आलं होतं. पण शेवटी एक ओळ होती. पाणी अर्ध्यावर आलं की खालची झडप आपोआप उघडते, आणि येतं त्याहून जास्त पाणी बाहेर जातं. मग टाकी कशी भरेल? सांगा ना, कशी भरेल?" ती भरभर बोलत होती. मग एकदम थांबली. "होती ना ती ओळ? एवढ्या जणांनी वाचली, कोणालाच दिसली नाही... की मीच आपल्या मनाने वाचली?"

प्रश्नपत्रिका तर हॉलमध्ये जमा. बघणार कुठे? फोटोवाल्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ‘होती गं होती, तू वाचलीस म्हणजे असणारच,’ एवढं जरी ते म्हणाले असते तरी पुरलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ते हातांचं जंगल उभं होतं. ते म्हणाले, "पाणी पी."

आणि तेवढ्यात कोणाच्या तरी स्कूटरवरून बबडीची आई येऊन धडकली! एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठेतरी पडलेली, हाताला कपड्यांचा साबण. तिला कोणीतरी सांगितलं, की तुमचे ‘हे’ पावाच्या गाडीपाशी आहेत. दवाखान्यात न्यायला हीच गाडी मिळाली असणार, असं समजून ती धावली, नवऱ्याला एका धक्क्याने बाजूला सारून गाडीत चढली आणि तिने लेकीला मिठी मारली.

"बबडे! परीक्षा गेली खड्ड्यात! तू आहेस ना, बस्स! आम्हाला बाकी काही नको!"

बबडीचे डोळे विस्फारले. "आई, तुलाही कळलं?"

"कळणार नाही? मास्तरीणबाईंचा फोन आला! रडत होत्या गं त्या!"

"मास्तरीणबाई रडत होत्या?" बबडीचा आवाज जेमतेम बाहेर आला. ज्या बाईंनी तिला टाक्या आणि नळ शिकवले, त्या तिच्या टाकीपायी रडत होत्या!

"ऐकल्यापासून माझ्या तर जिवात जीव नव्हता! असं कसं गं झालं तुला? सकाळी तर चांगली गेली होतीस!"

"मला वाटलं, बरोबर आहे," बबडी म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"अगं, जरा थांबा तर दोघी!" फोटोवाले ओरडले. "तिला काही झालेलं नाही!"

"काही नाही? मग सलाईन कोणाला लावलंय?"

"कसलं सलाईन?"

घंटा झाली. ती थांबत नाही, कोणासाठीच नाही. गेटपाशी रांग लागली. बबडीने डोळे पुसले, हॉलतिकीट घेतलं आणि ती गाडीतून उतरली. तिच्या पाठीवर पीठच पीठ लागलं होतं. ते झटकायलाही कोणाला सुचलं नाही. फोटोवाल्यांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. आत जाता जाता ऐकू जाईल असं, मोठ्याने.

"बबडे! टाकी विसर!"

रांगेतली सगळी मुलं वळली. आधी त्यांनी फोटोवाल्यांकडे पाहिलं, मग बबडीकडे. पोट दुखून घरी गेलेली बबडी रांगेत उभी पाहून कॅल्क्युलेटरने तोंड उघडलं, पण रखवालदाराने बोलायला मनाई केली आणि रांग आत सरकली.

दुपारभर नवरा-बायको गाडीच्या सावलीत बसून होते. बायकोने एकेक धागा ओढला आणि सगळं उलगडून घेतलं. पोटातल्या कळा, तिन्ही ‘हं’, चौथा सुस्कारा, आणि मतदान. मास्तरीणबाई येऊन फोटोवाल्यांना चांगलं खडसावून गेल्या. मग बायकोने उरलेली चप्पलही काढून बाजूला ठेवली.

पेपर सुटला. बबडी आली ती रडत नव्हती. गेल्या वर्षीसारखं रडली असती तर बरं वाटलं असतं, असं फोटोवाल्यांना वाटून गेलं. कसा गेला पेपर, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. घरी जाताना पावाच्या क्रेटवर बसून तिनेच सांगितलं.

"प्रत्येक प्रश्नाला माझं एक उत्तर यायचं. मग मी विचार करायचे, बाकी सगळ्यांचं काय आलं असेल. आणि ते लिहायचे."

पुढे काय झालं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितलं पाहिजे. काही दिवसांनी अधिकृत उत्तरं जाहीर झाली. टाकी भरत नाही! शेवटची ओळ होती! फोटोवाले दुकानात एकटेच नाचले. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक घाबरून उठलं आणि फोटो हलला. "पाचच्या पाच बरोबर! अख्ख्या केंद्रात एकटी माझी पोरगी बरोबर!" ते रस्त्यावर येऊन ओरडले. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. बबडी मात्र दुपारच्या पेपरची उत्तरं बघत बसली होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलेलं उत्तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बरोबर होतं. तिने लिहिलेलं नव्हतं.

मग निकाल लागला. सकाळच्या पेपरात बबडी केंद्रात पहिली. दोन्ही पेपर मिळून ती थोडक्यात हुकली. आणि प्रवेश मिळाला कोणाला? सायकलस्टँडच्या सभेतल्या चौघांना! टाकीचे पाचही प्रश्न त्यांचे चुकलेले. पण सगळ्यांचं सारखंच आलंय, तेव्हा आपलं बरोबरच आहे, या आनंदात ते हसत हसत दुपारच्या पेपराला गेले आणि तो झकास लिहून आले. ज्यांनी पोटभर उत्तरं जुळवली ते तरले. बुडाली ती एकटीच, जिला जुळवू दिलं नव्हतं. फोटोवाल्यांनी त्या दिवसापासून सिद्धांत सांगणं बंद केलं. दुकानात आता फक्त कॅमेऱ्याचा आवाज यायचा.

प्रवेशाच्या फॉर्मसाठी नवे फोटो लागतात. एका संध्याकाळी त्या चौघांपैकी कॅल्क्युलेटर दुकानात आला. बबडी आत प्रिंट कापत होती. पोरगा मनाने चांगला. स्टुलावर बसल्यावर त्याला हसताही येईना आणि गप्पही बसवेना.

"काका, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"बोल."

"त्या दिवशी मी टाकीचंच विचारायला आलो होतो. शेवटची ओळ मी वाचली होती, पण घाईत धरलीच नाही. नंतर बाहेर आल्यावर आठवली. म्हटलं, बबडीला विचारावं, तिने नक्की धरली असेल. ती घरी गेली म्हटल्यावर मग मीही बारालाच हात वर केला." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "ती भेटली असती ना, तर मी तिला सांगितलं असतं, की ओळ होती म्हणून. माझे पाच तर गेलेच होते. पण तिला कळलं असतं."

फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यांना पलीकडचं काही दिसत नव्हतं. आत कात्रीचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला आणि फोटोवाल्यांनी बटण दाबलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला ते सगळं सांगितलं. न सांगून चालण्यासारखं नव्हतं. बायकोने ऐकून घेतलं.

"कुंपणानेच शेत खाल्लं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, ताटही आपटलं नाही.

"खाल्लं. कबूल! माझंच चुकलं!" फोटोवाले म्हणाले. लेकीकडे बघायचा त्यांना धीर होईना. त्यांना खरोखर लाज वाटत होती, वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की या माणसाला स्वस्थ बसवत नाही, लगेच काहीतरी योजना सुचते! त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि ते ताठ बसले.

"ठरलं! पुढच्या वेळी मी गेटपाशी फिरकणारसुद्धा नाही! गाडी नाही, चादर नाही, काही नाही! सरळ दुकानात बसतो. बबडे, तू खुशाल जा, सगळ्यांशी बोल, काय जुळवायचं ते जुळव! कॅल्क्युलेटरला तर आधी गाठ! बघूच मग पुढच्या वेळी कशी जागा मिळत नाही ते!"

बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ताटाकडे पाहिलं. फोटोवाल्यांना वाटलं, योजना पसंत पडली.

"बाबा, पुढची वेळ नसते हो," बबडी म्हणाली. तिने त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं. "उद्या दुकान मी उघडते. तुम्ही उशिरा या सावकाश."